वाळवीने नावं खाल्ल्यावर

एकोणनव्वदच्या सप्टेंबरात कपाट उघडलं
तर कव्हरं वाळवीच्या पोटात.
तरंगते डोंगर, रंगवलेले चेहरे, वाजवणाऱ्यांची नावं, सगळं.
तबकड्या तेवढ्या शाबूत. वाळवीला विनाइल रुचत नाही,
माझ्या धाकट्या भावालाही.

तेव्हापासून खुणांवर ओळखतो.
ही रॉटरडॅमची, लेबलावर चहाचा डाग.
ही कॅडेटने पत्त्यांत हरून दिलेली.
आणि ही ग्लासगोवाली, बिस्केच्या उपसागरात बोट कलली
तेव्हा सुई घसरली, चरा पडला.

विचारलंत तर सांगतो, नाही विचारलंत तरी:
चहाच्या डागवालीला लोक उगाच डोक्यावर घेतात.
ऑर्गनवाला तयारीचा, पण जेवण झालं, सुपारी झाली,
तरी न उठणारा पाहुणा.
गायक परी, जंगल, आरसा असलं काही म्हणतो.
त्याला इंग्रजीतही अर्थ नाही,
तिथल्याच एका फिटरला विचारून घेतलंय.

खरी ग्लासगोवाली.
एक बाजू, एकच गाणं, एकवीस मिनिटं.
पहिला ड्रमर गेला तिथे त्या मंडळींचं संपलं.
नंतरचा हिशेबी, बँकेतल्या कॅशियरसारखा,
मात्रा कमी नाही, जास्त नाही,
नोट कुणाच्या हातात देतोय ते बघत नाही.
पहिल्याचा हात किंचित मागे राहायचा,
भरतीच्या अंदाजाने होडीचा दोर
जितका ढिला सोडतात, तितकाच.
आणि सोळाव्या मिनिटाला, जिथे कुणीही समेवर येईल,
तिथे तो येत नाही.
टाळतो. पुढे निघून जातो.
ह्या एका जागेसाठी मी बंदरावर माणसं तोडलीत.

चौऱ्याऐंशीपर्यंत सगळ्यांनी केस कापले,
गाणी चार मिनिटांची केली.
त्याबद्दल मी बोलत नाही.

घनश्याम मेस्त्री दशावतारात पखवाज वाजवायचा.
ट्रॉलरचा पंप घेऊन वर्कशॉपात आला,
मी काम करता करता ग्लासगोवाली लावली.
तो डब्यावर बसून. बोटं इंजिनच्या झाकणावर.
"तेरा," म्हणाला. "सात नि सहा."
मी पाना खाली ठेवला. देवगडात हे मोजणारा
दुसरा माणूस मला तोवर भेटला नव्हता.
मग ती जागा आली, गेली.
मेस्त्रीची बोटं हवेत राहिली.
"बरो वाजयता रे. पण समेक भियता."

मी चिडलो. म्हटलं, तुमचा संकासूर
अर्धी रात्र नुसता येतोय येतोय, त्याचं काय?
मेस्त्री हसला.
"तो येता तरी."

पंपाचे वीस रुपये जास्त लावले.

परवा पुतणी आली, वरदा.
वाजत्या तबकडीपुढे फोन धरला,
वाळवीने खाल्लेलं नाव त्याने दोन सेकंदांत सांगितलं.
मग तेच गाणं त्यातून, धुतल्यासारखं स्वच्छ.
मी ऐकत होतो, अर्धं कान, अर्धं नाक मुरडून.
सोळावं मिनिट.
आणि तो आला.
सरळ, ठाम, समेवर,
जेटीला होडी लागावी तसा, टायरवर हलका धक्का देत.

एक फेरा.
चऱ्याने तेवढाच गिळला होता.
पावणेदोन सेकंद.
मी चाळीस वर्षं ज्याला त्याची हिंमत म्हणत होतो
ती बिस्केची एक लाट होती.

वरदा म्हणाली, "काका, पुन्हा लावू?"
नको म्हटलं.

मेस्त्री आता मिठबावला मुलाकडे असतो.
एस्टीने फार तर तासाभराची वाट.
त्याला सांगायला हवं की ड्रमर भित नव्हता,
की तू बरोबर ऐकलंस आणि तरी चुकलास,
आणि मी तर ऐकलंच नव्हतं.
वीस रुपयेही आहेत.

जाईन. गणपती झाले की.
तोवर रात्री ग्लासगोवालीच लावतो.
फोनमधला तो येतो, चांगलाच येतो, मान्य.
पण सोळावं मिनिट जवळ आलं
की माझा पाय अजून
त्या नसलेल्या पायरीवर पडायला बघतो.